करंगळीला सुट्टी

संगीतातलं मला काय कळतं, हा प्रश्न आमच्या घरात फार पूर्वीच निकालात निघाला आहे. सहावीत असताना स्नेहसंमेलनाच्या समूहगीतात मी तिसऱ्या रांगेत उभा होतो. तालमीच्या चौथ्या दिवशी गाण्याचे मास्तर एकेकाच्या तोंडाशी कान लावत लावत माझ्यापाशी येऊन थांबले आणि म्हणाले, "तू नुसते ओठ हलव." मी हलवले. गाण्याला पहिलं बक्षीस मिळालं. माझा त्यातला वाटा म्हणजे न गाण्याचा! तेव्हापासून कुठलंही समूहसंगीत ऐकायला बसलो की यात ओठ हलवणारे किती, हे मी आधी मोजून घेतो.

गेल्या वर्षी लेकीकडे एडिंबरोला गेलो, तेव्हा नातीच्या हार्पवादनाचा कार्यक्रम ऐकायचा योग आला. एकटीचा नव्हे, बारा जणांचा. आठ वर्षांच्या आमच्या नातीपासून सत्तरी ओलांडलेल्या एका आजीबाईंपर्यंत सगळी वयं हजर. कुणाचा हात वीस वर्षं फिरलेला, तर नातीला शिकायला लागून जेमतेम तीन महिने झालेले. "अहो, पण एवढ्या सगळ्यांनी मिळून वाजवायचं काय?" असं हिनं विचारलं. विनोद बाजूला ठेवला, तर संपूर्ण टीकाशास्त्र या एका प्रश्नात आहे.

हार्प म्हटलं की आपल्याला नाताळच्या कार्डावरचे देवदूत आठवतात. वाद्यवृंदातला मोठा हार्प म्हणजे ४७ तारा आणि पायाशी ७ पेडल. मोटार चालवायला तीन पुरतात. स्कॉटलंडचा घरगुती हार्प मात्र आटोपशीर. त्याला तिथे 'क्लारसाख' म्हणतात, आणि त्याच्यासाठी १९३१ साली निघालेली एक सोसायटीही आहे. साधारण ३४ तारा, प्रत्येक तारेच्या डोक्याशी एक खटका. खटका वर केला की सूर अर्ध्या स्वरानं चढतो. शिवाय 'सी'ची तार तांबडी आणि 'एफ'ची काळी, म्हणजे नवशिक्यानं वाट चुकू नये अशी सोय.

या वाद्याचा स्वभावही भला आहे. व्हायोलिन शिकणाऱ्याच्या पहिल्या तीन महिन्यांत शेजारी बिऱ्हाड बदलतात. हार्पची तार पहिल्या दिवशीही गोड वाजते. पण गोडाचा त्रास असा, की वाजलेली तार लवकर गप्प बसत नाही, तळव्यानं दाबून थांबवावी लागते. बारा हार्प एकदम बोलू लागले आणि थांबवायचं भान राहिलं नाही, तर सुरांची खिचडी होते.

सुरुवातीला बारा गुणिले चौतीस, म्हणजे ४०८ तारा जुळवल्या गेल्या. मला वाटलं हाच पहिला आयटम. मी टाळ्या वाजवल्या. लेकीनं कोपर मारलं. १९७१ साली न्यूयॉर्कमध्ये रविशंकरांच्या सूर जुळवण्याला श्रोत्यांनी टाळ्या दिल्या होत्या, त्याची मी परतफेड केली असं समजा.

पहिली रचना झोकदार होती. मोठी मंडळी तारांवरून नुसती धावत होती आणि चिमुरडी मुलं लग्नातल्या करवल्यांसारखी नटून बसली होती. अगदी शेवटी त्यांना एकदा 'झण्ण' करायला मिळालं. ते त्यांनी केलं नसतं तरी कुणाला कळलं नसतं. मी ओळखलं, ओठ हलवा!

दुसरी रचना याच्या उलट. सगळ्यांना झेपेल असं सोपं सोपं सगळ्यांनी एकत्र वाजवलं. पंगतीत एकाचं पोट बिघडलंय म्हणून सगळ्यांनाच पेज वाढावी तसं. आजीबाईंनी मधेच जांभई दिली.

तिसरी मात्र ऐकण्यासारखी होती. चाल तिकडचीच, जुनी. नातीच्या गटाला दोनच तारा, 'सा' आणि 'प'. पहिल्यापासून शेवटपर्यंत आलटून पालटून त्याच. मधल्या फळीकडे चाल, जाणत्यांकडे नक्षी. आपला तानपुरा याहून वेगळं काय करतो? आणि मधे एका ठिकाणी रचनाकारानं सगळ्यांना गप्प केलं. उरल्या फक्त त्या दोन तारा, आणि त्यांच्यावर सबंध हॉलचा भार.

तिथेच आमची नात अडखळली.

हॉलमध्ये सगळ्यांना ते ऐकू आलं. चाल घेऊन परत यायचं होतं त्या आजीबाई तारांवर बोटं ठेवून थांबल्या. नातीनं 'सा' शोधला, वाजवला आणि मगच गाडी पुढे निघाली.

माझं सगळं टीकाशास्त्र एवढंच आहे. लहानथोरांसाठी लिहिलेलं संगीत चांगलं की वाईट, हे सर्वांत कच्च्या वादकाची चूक ऐकू येते की नाही यावरून ठरवावं. ऐकू येत नसेल, तर त्याला शोभेला बसवलंय. ब्रिटन या संगीतकाराला हे पक्कं ठाऊक होतं. १९५८ साली रंगमंचावर आलेल्या त्याच्या 'नोईज फ्लड'मध्ये कसलेल्या वादकांशेजारी शाळेतली पोरं आहेत. कच्च्या व्हायोलिनवाल्यांना बरंचसं मोकळ्या तारांवरचं काम आहे आणि प्रलयाच्या पावसाचे थेंब टांगलेल्या कपांवर लाकडी चमच्यानं वाजतात. पण ते थेंब पडले नाहीत, तर प्रलय कसा येणार? आपल्या भजनातल्या टाळकऱ्याला हे सांगावं लागत नाही. टाळ चुकला की बुवा मान वळवून बघतातच.

घरी येताना नातीनं विचारलं, "आजोबा, माझं चुकलेलं ऐकू आलं?"

"आलं तर! सगळ्यांना आलं."

तिचा चेहरा पडला. मग मी तिला सहावीतली गोष्ट सांगितली. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे तुम्ही करंगळी होतात." हार्प वाजवताना करंगळी वापरत नाहीत म्हणे. चार बोटं तार छेडतात आणि ती नुसती बरोबर हलते.

दुसऱ्या दिवशी तिनं मला हार्पसमोर बसवलं. चाल तिच्याकडे, दोन तारा माझ्याकडे. मी सरळ करंगळीनं सुरुवात केली.

"आजोबा, करंगळी नाही!"

"असू दे गं," मी म्हटलं, "बरीच वर्षं वाट बघतेय ती."