धुतलेलं मीठ, परक्या हातचं पाणी

लक्ष्मीबाई टिळकांच्या माहेरी बाजारातून आलेला जिन्नस धुतल्याशिवाय घरात घेत नसत, मीठसुद्धा. धुतल्यावर त्यातलं किती हाती लागत असेल, हा हिशेब वाचकाने करावा. लक्ष्मीबाई सांगून मोकळ्या होतात. ‘स्मृतिचित्रे’ या त्यांच्या आत्मचरित्रातलं वडिलांचं, नाना गोखल्यांचं, हे सोवळं वाचताना हसू आवरत नाही. पण याच नानांच्या सासऱ्यांना सत्तावन्नच्या बंडात फाशी झाली होती आणि त्या धक्क्यानंतर हे वेड त्यांच्या अंगात शिरलं, हेही त्या सांगतात. ते कळल्यावर हसू ओसरत नाही, मात्र त्याची जात बदलते. ज्याला आपण हसत होतो तो माणूस भ्यालेला होता. बायकापोरांना छळणाऱ्या बापाविषयी एवढं लिहायचं आणि ‘मी त्यांना क्षमा केली’ असं कुठे म्हणायचं नाही, ही या पुस्तकाची रीत.

नम्रता, पश्चात्ताप, करुणा हे तीन शब्द ख्रिस्ती प्रवचनांत इतके येतात की कानाला ते गुळगुळीत लागतात. ‘स्मृतिचित्रे’त हे तिन्ही आहेत, पण विनोदाच्या अंगाने आलेले. पुस्तक रसाळ आहे असं सगळेच म्हणतात. माझं म्हणणं एक पाऊल पुढचं आहे: लक्ष्मीबाईंचा विनोद हाच त्यांचा पश्चात्ताप आहे.

कथा बहुतेकांना ठाऊक असते. नाशिकजवळच्या जलालपूरची, १८६८ मध्ये जन्मलेली मनू गोखले अकराव्या वर्षी नारायण वामन टिळकांशी लग्न होऊन लक्ष्मी झाली. टिळक कवी, तापट, हातात पैसा न टिकणारे, मनात आलं की घरातून निघून जाणारे. १८९३ मध्ये आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांच्या हाती ‘नवा करार’ दिला आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. बायको माहेरच्या माणसांत राहिली. पुढची काही वर्षं ताटातुटीची गेली. मग ती त्यांच्याकडे आली, आणि १९०० साली तिनेही बाप्तिस्मा घेतला.

आम्हा येवलेकरांना हा भूगोल पायाखालचा. नाशिकहून आगगाडीने नगरला जायचं तर मनमाडला गाडी बदलायची. पुढे येवला, कोपरगाव, राहुरी, नगर. याच दौंड-मनमाड मार्गावरच्या राहुरीत आणि नगरला लक्ष्मीबाईंचं जुनं सोवळं गळून पडलं. तेही एका झटक्यात नाही. नवरा ख्रिस्ती, शेजार ख्रिस्ती, आणि या बाईची चूल वेगळी, पाणी वेगळं. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. एवढ्या तापट माणसाने या एका बाबतीत धीर धरला, ही मला त्यांच्या श्रद्धेची मोठी खूण वाटते.

सोवळं सुटलं ते बाईंच्या स्वतःच्या विचाराने. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न त्यांनी आपल्या मनाशी घोळवला. पुस्तकी आधार नव्हता. लिहायला-वाचायलाही त्या लग्नानंतर, नवऱ्याकडून शिकलेल्या. समोर दिसणारी माणसं आणि आपलं साधं तर्कशास्त्र एवढ्या भांडवलावर त्यांनी निकाल लावला, आणि कुणाच्याही हातचं खायला-प्यायला आपली हरकत नाही असं ठरवून टाकलं. दुसरा एखादा लेखक इथे आकाशवाणी घडवून आणता. लक्ष्मीबाई घरातली एखादी अडचण मिटल्यासारखं सांगतात.

हा भाग सावकाश वाचावा. सांगणारी बाई साठी ओलांडलेली आहे आणि जिच्याविषयी सांगते ती तिशीतली सोवळी बाई तीच आहे. सांगणारीला शेवट माहीत आहे, म्हणून त्या तरुण बाईला अडाणी ठरवणं सोपं होतं. तिची कीव करणं त्याहून सोपं. लक्ष्मीबाई दोन्ही टाळतात. वेगळ्या चुलीचा खटाटोप त्या इतक्या आपुलकीने रंगवतात की वाचक त्या बाईला हसतो आणि तिच्या बाजूनेही उभा राहतो. आपण चुकलो होतो हे लपवायचं नाही आणि चुकल्याचा गाजावाजाही करायचा नाही. पश्चात्तापाचं प्रदर्शन हाही अहंकारच असतो. त्यावर उतारा म्हणजे स्वतःवर हसता येणं.

येवल्यात पैठणी पारखणारा आधी पदर उलटून पाहतो. हातमागावरची अस्सल असेल तर मोर पाठीमागूनही तसाच दिसतो. ‘स्मृतिचित्रे’चं गद्य असं आहे. घरात बोलायची एक भाषा आणि धर्माविषयी बोलायची दुसरी, असं इथे होत नाही. देवाचं नाव ज्या सुरात येतं त्याच सुरात उसनवारी येते, भांडण येतं, टिळकांनी भलत्याच कशावर उधळलेले पैसे येतात.

करुणेचंही तसंच. १८९९-१९०० चा दुष्काळ आला आणि निराधार पोरं टिळकांच्या घरात आली. उदार मन टिळकांचं; पण पोरं घरात आली की ती न्हाऊमाखू घालायची, त्यांना जेवायला घालायचं, हे काम बाईंचं. नगरला प्लेग आला तेव्हा रोग्यांच्या सेवेलाही त्या उभ्या राहिल्या. या प्रसंगांत ‘सेवा’ हा शब्द शोधावा लागतो. दिसतात ती कामं, त्यांतली धांदल आणि फजिती. दया हा इथे मनात उचंबळणारा भाव नसून दिवसभराचा राबता आहे.

टिळकांच्या बाजूनेही हाच धागा जातो. ख्रिस्ताच्या पायाशी आपण तुकोबांच्या पुलावरून आलो, असं ते म्हणत. आयुष्याच्या अखेरीस, १९१७ मध्ये, त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ उभारायला घेतला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोघेही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून एकत्र यावेत, ही कल्पना. दोनच वर्षांनी ते गेले. त्यांची श्रद्धा झेप घेणारी, बाईंची पायी चालणारी. झेपेची किंमत घरात कोण मोजतं, हे पुस्तक कुरकुर न करता दाखवतं.

‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ मध्ये निघाला, चौथा निघाला तो १९३६ मध्ये, बाईंच्या मृत्यूनंतर. याच काळात, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, आमच्या येवल्यात बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. एकाच सुमाराला धर्म सोडण्याच्या या दोन गोष्टी लोकांपुढे आल्या. त्या शेजारी ठेवल्या की रसिकाला एक अवघड प्रश्न पडतो, आणि पडावाही. लक्ष्मीबाईंनी जे टाकलं ते वरच्या पायरीवरचं होतं. कधी आणि कसं टाकायचं हे त्यांच्या हातात होतं. पाण्याचा तांब्या पुढे करणाऱ्या हाताला असली मुभा नव्हती, आणि त्या हाताचं मनोगत या पुस्तकात फारसं येत नाही. १९३८ च्या जानेवारीत सोलापूरला ख्रिस्ती समाजापुढे बाबासाहेब बोलले, तेव्हा सामाजिक अन्यायाविरुद्ध हा समाज झगडत नाही, हीच त्यांची तक्रार होती. एका घरातलं सोवळं सुटलं म्हणून समाजातलं सुटत नाही.

तरीही ही मर्यादा मान्य करून पुस्तकाची थोरवी उरते. लक्ष्मीबाई आपण कुणाचा उद्धार केला असा दावा करत नाहीत. जातीचा वरचढपणा टाकताना तो टाकल्याचा वरचढपणा पुन्हा अंगी चिकटतो, आणि भल्याभल्या सुधारकांची इथेच फसगत झाली आहे. बाई त्यातून सुटल्या, कारण परक्या हातचं पाणी पिऊन आपण उपकार केला असं त्यांना कधी वाटलं नाही. उलट इतकी वर्षं तहानलेलं राहिल्याचं हसू आलं. ख्रिस्ती नसलेल्या वाचकालाही हे पुस्तक आपलं वाटतं ते यामुळेच. धर्म कुठलाही असो, इतरांच्या चुकांना सवलत आणि स्वतःच्या चुकांना विनोद, एवढा नेम पाळला तरी माणूस पुष्कळ पुढे जातो. तो पाळणं किती कठीण, हे कळायला मात्र चारही भाग वाचावे लागतात.