माग आणि गान : होमरच्या काव्यातील एक सीमारेषा

काव्यरचना ही एक प्रकारची वीण आहे, ही कल्पना समीक्षेत इतकी रुळली आहे की ती होमरइतकीच प्राचीन असली पाहिजे, असे सहसा गृहीत धरले जाते. त्यास आधार म्हणून ‘इलियड’च्या तिसऱ्या सर्गातील हेलनचे चित्र पुढे करण्यात येते. ट्रोजन व अकियन वीर तिच्यापायी जे युद्ध लढत आहेत, तेच युद्ध ती एका मोठ्या जांभळ्या वस्त्रात विणीत आहे. येथे कवीने आपल्याच काव्याचा आदर्श उभा केला, असा अभिप्राय एका प्राचीन टीकाकाराने नोंदविला आहे. अभिप्राय मनोहर खरा. पण तो टीकाकाराचा आहे, होमरचा नव्हे. ‘इलियड’ व ‘ओडिसी’ या दोन्ही काव्यांत गायक गीत ‘विणतो’ असे एकदाही म्हटलेले नाही.

विणण्याचे क्रियापद होमर लाक्षणिक अर्थाने वापरीतच नाही, असे मात्र समजू नये. त्याच तिसऱ्या सर्गात, ऐंशीएक ओळींनंतर, मेनेलाऊस आणि ओडिसियस सभेत शब्द व मसलत कशी विणीत असत, हे वृद्ध अँटेनॉर हेलनलाच सांगतो. बेत विणला जातो, कपट विणले जाते, भाषणही विणले जाते. गीत तेवढे वगळलेले आहे. ‘ऱ्हॅप्सोड’ या शब्दाचा दाखला येथे उपयोगी पडत नाही. तो होमरमध्ये नाही, आणि त्यात अभिप्रेत असलेली क्रिया शिवण्याची आहे, विणण्याची नव्हे.

जॉन शाइड आणि येस्पर स्वेनब्रो यांनी 1994 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रीक वीणकथांवरील फ्रेंच ग्रंथात हे रूपक वृंदगीतकारांच्या काळी अवतरते, असे दाखविले आहे. हे निरीक्षण ग्राह्य होय. इ. स. पू. 476 मध्ये हिएरॉनच्या अश्वविजयावर रचलेल्या गीतात बॅकिलिडीझ आपले गीत विणलेले असल्याचे सांगतो, आणि पिंडारही ही भाषा बोलतो. परंतु या ग्रंथाचा विशेष भर ताणा आणि बाणा यांच्या मीलनाच्या प्रतिकार्थावर आहे. मागावर कोणाचे हात होते, या साध्या प्रश्नाला तेथे मिळावे तितके महत्त्व मिळालेले नाही.

सोलापूरच्या अभ्यासकास हा प्रश्न प्रथम सुचावा, हे स्वाभाविक आहे. अक्कलकोट रोड एमआयडीसीतील यंत्रमागांवर चादरी व टॉवेल विणले जातात, आणि या नगरीत विणकर म्हटला की पुरुषच डोळ्यांसमोर येतो. तेलुगु प्रदेशातून येथे येऊन स्थायिक झालेला पद्मशाली समाज आपले मूळ मार्कंडेय ऋषींशी जोडतो, आणि नारळी पौर्णिमेस त्यांचा रथोत्सव नगरातून निघतो. विणकाम हा येथे ऋषिकुलाचा वारसा आहे. कांड्या भरणे, टॉवेलच्या कडा शिवणे, घड्या घालणे ही कामे मात्र बव्हंशी स्त्रियांकडे असतात. ‘विणकर’ या शब्दात त्यांची गणना होत नाही. (माग आणि विणकर हे शब्द उच्चारताच आपण कोणाला पाहतो, हे ग्रीक ग्रंथ उघडण्यापूर्वी स्वतःशी तपासून पाहावे.)

आर्ष ग्रीसमध्ये स्थिती नेमकी उलट होती. लोकरीचे वस्त्र घरोघरी उभ्या मागावर, मातीच्या वजनांनी ताणा ताणून, विणले जाई. ते काम राणीपासून दासीपर्यंत स्त्रियांचेच होते, आणि त्याची अधिष्ठात्री अथेना होती. ‘ओडिसी’च्या सतराव्या सर्गात युमेयस बाहेरून मुद्दाम बोलवाव्यात अशा कारागिरांची नावे घेतो. त्यांत द्रष्टा, वैद्य व सुतार यांच्या जोडीला गायक आहे, विणकर नाही. परगावाहून बोलावून आणण्याजोगे कसब म्हणून त्या समाजाने वीण ओळखलीच नव्हती. गायकाचे सजातीय सुताराच्या पंक्तीत होते, मागाजवळ नव्हते.

ही केवळ श्रमविभागणी असती तर विशेष बोलण्याचे कारण नव्हते. परंतु काव्य स्वतःच ही रेषा आखते, आणि तीही एका अर्थपूर्ण क्षणी. ‘ओडिसी’च्या पहिल्या सर्गात फेमियस अकियनांच्या दुःखद परतीचे गीत गात असता पेनेलोपी खाली येते आणि ते थांबवून दुसरे काही गाण्यास सांगते. संपूर्ण काव्यात एका स्त्रीने गीताच्या निवडीसंबंधी दिलेला हा निर्णय आहे. टेलेमॅकस तिला उत्तर देतो : तिने आपल्या दालनात जाऊन माग व चाती पाहावी, वाणी हा पुरुषांचा विषय आहे. हेक्टरने अँड्रोमॅकीला याच धाटणीचे बोल सुनावले होते. तेथे पुरुषांचा विषय युद्ध हा होता. येथे युद्धाच्या जागी वाणी आली आहे. स्त्रीने काव्याविषयी मत दिले की तिला मागाकडे पाठवावे, असा हा संकेत आहे. ज्या जागी पेनेलोपीला धाडले, तेथूनच स्वतःच्या कलेचे रूपक उचलणे गायकास कसे मानवावे?

या भेदाची एक मोजता येण्याजोगी खूण आहे. हिफेस्टसने घडविलेल्या अकिलीझच्या ढालीस अठराव्या सर्गात सुमारे 130 ओळी मिळतात. हेलनच्या वस्त्रास 4. दोन्हींत कारागिराने जग चित्रित केले आहे; पण एकाची निर्मिती कवी पाहत राहतो, दुसरीची केवळ नोंद घेतो.

तथापि मागावर गाणे नव्हते, असे नव्हे. कॅलिप्सो आणि सर्सी या दोघी विणताना गातात, असे ‘ओडिसी’ सांगते. त्या काय गात होत्या, ते कवी सांगत नाही. डेमोडोकसची गीते आशयासह काव्यात येतात. या दोघींचा केवळ आवाज येतो. सॅफोच्या एका त्रोटक अवशेषात एक मुलगी, प्रीतीने व्याकूळ होऊन, माग आपल्याच्याने चालवत नाही असे आईला सांगते. स्त्री कवी झाली, आणि तिच्याही काव्यात माग आला तो थांबलेला.

मराठीशी तुलना येथे अपरिहार्य ठरते, पण ती अक्कलकोट रोडवरील यंत्रमागांशी नव्हे. त्या खडखडाटात कोणाचेच गाणे ऐकू येणे शक्य नाही. याच सोलापूर जिल्ह्यातील अरण गावचा सावता माळी आपला मळा अभंगात आणतो, कारण राबणारा आणि गाणारा तेथे एकच आहे. त्याहून महत्त्वाचे उदाहरण जनाबाईचे. दळणकांडण करणाऱ्या दासीचे जाते तिच्या अभंगांत आले, आणि ते अभंग संतवाङ्मयात मानाने टिकले. जात्यावरच्या ओव्या हा बायकांचा रिकामा उद्योग समजणाऱ्या समाजातच हे घडले, हे विसरून चालणार नाही.

ग्रीसमध्येही जाते होते. ‘ओडिसी’च्या विसाव्या सर्गात ओडिसियसच्या घरी बारा दळणाऱ्या दासी आहेत, त्यांपैकी सर्वांत अशक्त एकटीच पहाटेपर्यंत दळत राहते आणि मागणी घालणाऱ्यांचे हे शेवटचे जेवण ठरो, असे झ्यूसकडे मागते. तिची प्रार्थना काव्यात शब्दशः आली आहे. ती गात असल्याचे मात्र म्हटलेले नाही. प्रत्यक्ष दळणगीत म्हणून लेस्बॉस बेटावरील तीन छोट्या ओळी उरल्या आहेत. मिटिलिनीचा सत्ताधीश पिटॅकस हाही दळतो, असे त्यांत जात्यालाच उद्देशून म्हटले आहे. त्या प्लुटार्कने अनेक शतकांनंतर जतन केल्या. त्याच्या संवादात थेलीझ आपल्या यजमानीणबाईंना हे गीत दळताना गात असलेले ऐकल्याचे सांगतो. बाईंचे नाव तेथे दिलेले नाही.