हिरकणीचा बुरूज आणि गडाचा दरवाजा

लोककथेचे परीक्षण करताना तिने काय सांगितले एवढेच पाहून भागत नाही. तिने काय गृहीत धरले, हेही पाहावे लागते. पुष्कळदा कथेचे खरे मर्म ज्या वाक्यावरून निवेदक घाईने पुढे सरकतो त्या वाक्यातच दडलेले असते. रायगडावरील हिरकणीची आख्यायिका या दृष्टीने पुन्हा एकदा वाचून पाहण्यासारखी आहे.

कथा सर्वपरिचित आहे. गडाच्या पायथ्याशी राहणारी गवळण दूध घालावयास गडावर येते. कोजागिरीच्या दिवशी तिला उशीर होतो. सूर्यास्ताबरोबर दरवाजे बंद झालेले असतात आणि पहारेकरी ते उघडावयास तयार होत नाहीत. घरी तान्हे मूल आहे. तेव्हा ती माउली काळोखात उभा कडा उतरून जाते. हे वर्तमान कळताच शिवाजी महाराज तिचा सन्मान करतात आणि जेथून ती उतरली तेथे बुरूज बांधवितात. ही आख्यायिका इतिहासाच्या कसोटीवर किती उतरेल, हा प्रश्न येथे अप्रस्तुत आहे. तीनशे वर्षांहून अधिक काळापूर्वीच्या या प्रसंगाकडे समाजाने कोणत्या नजरेने पाहिले, एवढाच आपला विषय आहे.

ही नजर कड्यावरून हलत नाही. कीर्तनकार असो, शाळामास्तर असो वा घरातील आजी असो, साऱ्यांची वाणी रंगते ती उतरणीच्या वर्णनात. २०१९ साली प्रसाद ओक यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘हिरकणी’ या चित्रपटाचाही उत्कर्षबिंदू तोच आहे. दरवाजाच्या वाट्याला मात्र एखादेच वाक्य येते. वास्तविक, कथेची गाठ दरवाजातच आहे. तो घटकाभर उशिरा मिटला असता किंवा त्या बाईला घटकाभर लवकर निघता आले असते, तर कथा घडलीच नसती. एक आई आपल्या घरी गेली असती, एवढेच.

बुरुजाचा अर्थही दुहेरी आहे. तो तिच्या धैर्याचे स्मारक आहे. त्याचबरोबर ती ज्या वाटेने उतरली ती वाट बुजविणारा बंदोबस्तही आहे. यात महाराजांकडे बोट दाखविण्याचे काहीच कारण नाही. शत्रू केव्हा चालून येईल याचा नेम नसता दरवाजाची वेळ पाळणे आणि कड्यातील उणीव भरून काढणे हा राजधर्मच होता. प्रश्न आहे तो आपला. ज्या कार्यालयाच्या, शाळेच्या वा पेढीच्या दाराशी कोणताही शत्रू उभा नाही, तेथेही आपण दरवाजा जसाच्या तसा ठेवतो आणि कडा उतरणाऱ्या आईचे तेवढे कौतुक करतो!

या कौतुकाचे अगदी अलीकडचे रूप म्हणजे ‘हिरकणी कक्ष’. महाराष्ट्रात एस.टी. स्थानकांवर आणि कचेऱ्यांत स्तनदा मातांसाठी केलेल्या खोल्यांना हे नाव दिलेले आहे. सोय चांगली आहे. तिचे स्वागतच करावयास हवे. पण नामकरण करणाऱ्यांनी कथा नीट वाचली होती काय? हिरकणीचे मूल घरी होते. तिला खोली नको होती. तिला वेळ हवी होती.

आपल्या कायद्याची भाषाही याच नजरेतून घडलेली दिसते. मुंबई इलाख्यात प्रसूतिलाभाचा कायदा १९२९ साली झाला. त्याच्या विधेयकाला १९२८ साली विधिमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाठिंबा दिला होता. पुढे १९६१ चा केंद्रीय कायदा आला, २०१७ साली त्यातील रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांवर गेली, आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने याच तरतुदी पुढे चालविल्या. रजेबद्दल हे कायदे स्पष्ट बोलतात. परतल्यानंतर मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत दिवसातून दोन वेळा स्तनपानासाठी सुटी आहे. पन्नास वा अधिक कर्मचारी असतील तेथे पाळणाघर आणि तेथे दिवसातून चार भेटींची मुभा आहे. कामाचे स्वरूप तसे असेल तर परस्परसंमतीने घरून काम करण्याची सोयही आहे. मात्र कामाचे तास काही काळ कमी करून मागण्याचा हक्क यांत कोठेच नाही. जाण्याला हक्क आहे. परतण्याला बव्हंशी धन्याची मर्जी आहे.

सव्वीस आठवड्यांपैकी आठपर्यंत आठवडे प्रसूतीपूर्वी घेता येतात. ते सर्व घेतले तर उरतात अठरा. म्हणजे सहाव्या महिन्यातील उष्टावणाचा दिवस उजाडण्यापूर्वीच, मूल केवळ अंगावरच्या दुधावर असतानाच, आईला पूर्ण दिवसाच्या कामावर हजर व्हावे लागते. कडा तो हाच.

दुसरा मार्ग नाही असे नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९१९ च्या करारात दिवसातून दोनदा अर्धा तास एवढीच तरतूद होती. २००० च्या करारात मात्र अशा सुटीऐवजी दररोजचे तास कमी करण्याचा पर्याय आला आणि तो वेळ सवेतन मानला गेला. भारताने तो करार अद्याप स्वीकारलेला नाही. नेदरलँड्समध्ये २००० साली नोकरदारांना तास कमी करून मागण्याचा कायदेशीर हक्क मिळाला. ब्रिटनमध्ये २००३ पासून लहान मुलांच्या मातापित्यांना तशी मागणी करता येऊ लागली. धनी नाकारू शकतो, पण कायद्याने मान्य केलेले कारण त्याला द्यावे लागते. तेथे मागणी आई आणि बाप दोघांचीही असू शकते, हे विशेष. सवलत केवळ आईलाच ठेवली तर बाईला नोकरीवर घेण्यासच मालक कचरेल.

आपल्या देवळांचा अनुभव असलेल्या वाचकाला तर ही कल्पना परकी वाटू नये. देवळाचे दार दुपारी मिटते, उत्सवात रात्री उशिरापर्यंत उघडे राहते. वेळ प्रसंगाप्रमाणे वाकते आणि त्यामुळे शिस्त मोडत नाही. बाळंतिणीच्या बाबतीतही जुन्या घरांत क्रम होता. सोयर फिटे, बारसे होई, सव्वा महिन्याने ती बाळाला घेऊन देवदर्शनास जाई. संसाराचा भार तिच्यावर टप्प्याटप्प्याने येई. त्या आचारामागील विटाळाची कल्पना आज आपण टाकून द्यावी. क्रमाक्रमाने परतण्यातील शहाणपण मात्र ठेवावे.

अर्थात कमी तास म्हणजे आपोआप न्याय नव्हे. वेतन अर्धे आणि काम मात्र पूर्ण, असा व्यवहार सहज होऊ शकतो. म्हणून रुजू होण्यापूर्वीच तीन गोष्टी लेखी ठरलेल्या बऱ्या: रोजचे तास किती, ही व्यवस्था केव्हापर्यंत आणि त्यानंतर पूर्ण वेळेवर परतण्याची हमी, आणि तासांच्या प्रमाणात कमी होणारे काम कोणते. यांतील तिसरी गोष्टच बहुधा राहून जाते.

आणि तरीही मूळची हिरकणी या साऱ्याच्या बाहेरच उरते. ती कोणाची नोकर नव्हती. दूध विकून पोट भरणारी होती. देवळाच्या पायऱ्यांशी फुले विकणारी, बाजारात मासळी घेऊन बसणारी तिची बहीण आजही कोणत्या रजेवर जाते? तिच्यासाठी बाजाराजवळ पाळणाघर हवे, आणि त्यासाठी देवस्थानच्या अग्रशाळेतील एखादी खोली देणे समाजाला जड जाऊ नये.

हिरकणीची कथा आपण सांगत राहावी. पण एखाद्या नातीने ऐकता ऐकता मध्येच विचारले, “आजी, दरवाजा थोडा वेळ उघडा का नाही ठेवला?” तर तिला गप्प करू नये. कथेतील सर्वांत चांगला प्रश्न तिने विचारलेला असेल.