आत्मकथनातील ‘मी’ आणि सहकाऱ्यांचे वाचन

अंतोनिओ गार्सिया मार्टिनेझ यांचे ‘केऑस मंकीज’ हे सिलिकॉन व्हॅलीविषयीचे आत्मकथन २०१६ साली प्रसिद्ध झाले. सान फ्रान्सिस्को परिसरातील बहुसंख्य स्त्रियांना दुबळ्या ठरविणारा एक उतारा त्यात येतो. मे २०२१ मध्ये ॲपलमधील त्यांची नेमणूक उघड होताच दोन हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांनी चौकशीची मागणी केली. काही तासांतच त्यांचा कंपनीशी संबंध संपला.

हा ‘मी’ म्हणजे निवेदकाचा मुखवटा, हा बचाव कादंबरीत ग्राह्य ठरेल. आत्मकथनात मात्र लेखक, निवेदक आणि नायक एकच असल्याचा करार असतो, असे फिलिप लजन यांनी १९७५ मध्ये दाखविले. त्या कराराच्या बळावर ग्रंथाची विश्वसनीयता कमवायची आणि आक्षेप येताच तो करार नाकारायचा, हे न्याय्य नव्हे. ज्या स्त्रियांच्या कामाचे मूल्यमापन हा लेखक उद्या करू शकतो, त्यांचे वाचन म्हणूनच अप्रस्तुत ठरत नाही.

परंतु तो उतारा एका प्रिय स्त्रीच्या स्तुतीसाठी योजलेला विरोध आहे. हा संदर्भ विधानाला निर्दोष करीत नाही. वाचनाला मात्र अपरिहार्य ठरतो. शिवाय लेखनाची कंपनीला पूर्वकल्पना होती, असे लेखकाने जाहीरपणे म्हटले. सहकाऱ्यांनी विचारला होता प्रश्न; संस्थेने दिला निकाल. लेखकाला उत्तरदायी ठरविणारे वाचन त्यामुळे अपुरेच राहिले, आणि नेमणूक करणाऱ्यांचे उत्तरदायित्व झाकले गेले.