उलट्या धारेची तलवार

शस्त्र हाती ठेवूनही पाणातिपातापासून विरत राहता येते काय? केइशी ओतोमो दिग्दर्शित ‘रुरौनी केन्शिन: क्योतो इन्फर्नो’ (२०१४) हा जपानी चित्रपट हाच प्रश्न विचारतो. नोबुहिरो वात्सुकी यांच्या १९९४ पासून प्रसिद्ध झालेल्या चित्रकथामालेवर आधारलेल्या २०१२ च्या चित्रपटाचा हा उत्तरभाग होय.

काळ १८७८ चा, मेइजी राजवटीचा. राज्यक्रांतीच्या काळात असंख्य हत्या केलेला केन्शिन (ताकेरु सातो) आता कोणाचाही जीव न घेण्याचे व्रत पाळतो. त्याच्या तलवारीची धार उलट्या बाजूस आहे. तिचा वार माणसाला पाडतो, कापत नाही. त्याच्यानंतर सत्तेसाठी हत्या करणाऱ्या शिशिओला (तात्सुया फुजिवारा) त्याच सत्तेने काम संपताच जाळून टाकले होते. तो वाचला असून आता शासन उलथू पाहतो. त्याला रोखण्यासाठी गृहमंत्री ओकुबो तोशिमिची केन्शिनला पाचारण करतात. सत्ता माणसाला शस्त्रासारखी वापरते आणि फेकून देते, हे सत्य चित्रपट निर्भीडपणे दाखवतो. हे त्याचे मोठे यश आहे.

परंतु पुढे तो कच खातो. ओकुबोंची हत्या ही ऐतिहासिक घटना आहे. १४ मे १८७८ रोजी नव्या राजवटीवर रुष्ट झालेल्या माजी सामुराईंनी ती केली. चित्रपटात ती शिशिओच्या हस्तकाकडून होते. त्यामुळे एका वर्गाच्या असंतोषाची कारणे झाकली जातात आणि एका विकृत माणसाचे कारस्थान तेवढे उरते. दारिद्र्यातून चोरी आणि चोरीतून हत्या कशी वाढत जाते, याची कारणमीमांसा करणाऱ्या चक्कवत्तिसीहनादसुत्ताच्या वाचकांना ही उणीव जाणवल्याखेरीज राहणार नाही.

दुसरी उणीव अधिक मूलगामी आहे. केन्शिनची तलवार मोडते. त्याचे व्रत पोलादात होते की मनात, हे कळण्याचा हाच क्षण. पण क्योतोमध्ये हाती येणारी दुसरी तलवारही उलट्या धारेचीच निघते! नायकाने करावयाची निवड कै. लोहाराने आधीच करून ठेवलेली असते. तथागतांनी कर्माचे मूळ चेतनेत सांगितले, हत्यारात नव्हे. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनीही हत्येची निकड आणि हत्येची इच्छा यांत भेद केला आहे. हा भेद मनाच्या कसोटीवर ठरतो. धार कोणत्या बाजूस आहे, यावर नव्हे.

येथे मज्झिमनिकायातील अंगुलिमालाचे स्मरण होते. त्याने शस्त्रे कड्यावरून फेकून दिली. पुढे भिक्षू म्हणून सावत्थीत पिंडपातासाठी गेला असता लोकांनी फेकलेल्या ढेकळांनी व दगडांनी त्याचे डोके फुटले, पात्र भंगले, चीवर फाटले. भगवंतांनी त्याला ते सहन करण्यास सांगितले. त्याचे परिवर्तन ज्यांना त्याने छळले त्यांच्यासमोर सिद्ध व्हावे लागले. केन्शिनला मात्र प्रत्येक प्रसंगी नवा शत्रू मिळतो आणि त्याला नमवून तो आपला चांगुलपणा सिद्ध करतो. प्रहार सोसणे पडद्यावर दिसत नाही असे नाही. पण ते सोसणे योद्ध्याचे आहे, पूर्वी मारलेल्यांच्या आप्तांपुढे मान खाली घालणाऱ्याचे नव्हे.

तलवारबाजीची दृश्ये विलक्षण वेगवान आहेत आणि सातो यांचा अभिनय संयत आहे. तरुण वाचकांनी हा चित्रपट अवश्य पाहावा. मात्र अहिंसा म्हणजे बोथट केलेली हिंसा नव्हे, हे ध्यानी ठेवून पाहावा.