ट्रेंटला दिलेली उत्तरे आणि रानड्यांची उपमा

महाराष्ट्रातल्या संतचळवळीला युरोपातल्या प्रॉटेस्टंट धर्मसुधारणेची उपमा देण्याच्या प्रथेला खरी प्रतिष्ठा मिळवून दिली ती महादेव गोविंद रानडे यांनी. १९०० साली प्रसिद्ध झालेल्या ‘मराठ्यांच्या सत्तेचा उदय’ या इंग्रजी ग्रंथात त्यांनी ती मांडली आणि तेव्हापासून ती पाठ्यपुस्तकांतून, व्याख्यानमालांतून, प्रस्तावनांतून अखंड वाहते आहे. संत म्हणजे आमचे ल्यूथर, असे म्हटले की सारे संपते. ज्यांच्याशी तुलना करायची त्या प्रॉटेस्टंटांनी नेमके म्हटले काय, हे विचारायची गरज प्रस्थापित समीक्षेला वाटलेली नाही.

माझ्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेले नाही. त्यामुळे मोठ्या माणसाने दिलेली उपमा तपासायची नसते, हा शिष्टाचार मला वारशाने मिळालेला नाही. त्यात आमच्या मोऱ्याच्याच एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, ल्यूथरने ९५ कलमे काढली. त्यावर रोमने काय उत्तर दिले? आणि त्या उत्तराला या लोकांनी काय उत्तर दिले?” मराठीत यावर हाताशी काही मिळेना. मोरा बंदरातून भरती-ओहोटी सांभाळत लाँचने भाऊच्या धक्क्याला उतरायचे आणि मुंबईच्या ग्रंथालयांत बसायचे, असे काही रविवार त्यात गेले.

रोमचे उत्तर म्हणजे १५४५ ते १५६३ या काळात ट्रेंट गावी भरलेली धर्मपरिषद. तिने एकेक सिद्धांत ठरावाच्या रूपात बांधला आणि तो न मानणाऱ्याला बहिष्काराचा शाप दिला. प्रॉटेस्टंटांनी हे ठराव ऐकून घेतले नाहीत. कॅल्व्हिनने १५४७ सालीच पहिल्या बैठकांच्या ठरावांवर ‘उतारा’ लिहिला. विषावर असतो तसा. मार्टिन केम्निट्झ या ल्यूथरपंथी पंडिताने १५६५ ते १५७३ या काळात परिषदेची चार खंडांत उलटतपासणी केली. त्याची रीत पाहण्यासारखी आहे. आधी परिषदेचा ठराव तिच्याच शब्दांत मांडायचा आणि मग विचारायचे, याला शास्त्रात आधार कुठे? जुन्या आचार्यांत कुठे? ही भक्तिरसाची भाषा नव्हे, नकाराची भाषा आहे. असा नकार संतवाङ्मयात किती आहे, हे ज्याचे त्याने प्रामाणिकपणे पाहावे. कर्मठांवर कोरडे आहेत, ढोंग्यांची टर आहे, आणि ती मला प्रियही आहे. परंतु पुरोहिताच्या अधिकाराचा सिद्धांत समोर ठेवून तो खोडून काढणे ही गोष्ट वेगळी.

प्रायश्चित्ताचेच घ्या. ल्यूथरचे १५१७ चे भांडण तिथूनच सुरू झाले. त्याच्या पहिल्या दोन कलमांचा आशय असा, की पश्चात्ताप हे माणसाचे जन्मभराचे काम आहे. धर्मगुरूच्या हातून उरकायचा तो विधी नव्हे. ट्रेंटने १५५१ साली उलट ठरवले. पश्चात्ताप, कबुली आणि भरपाई असे तीन भाग सांगून, धर्मगुरूने दिलेली क्षमा न्यायाधीशाच्या निकालासारखी आहे असे बजावले. आता पुण्याला या. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळींनी पाद्र्यांकडचा चहा घेतला. त्यात रानडे होते. शंकराचार्यांपर्यंत तक्रार गेली, चौकशी झाली, आणि १८९२ साली रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले. पुढच्याच वर्षी ते हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. मित्रांच्या अडचणीसाठी त्यांनी ते घेतले, असा खुलासा केला जातो. तो खराही असेल. मात्र मग एवढेच म्हणावे, की एका पेल्यासाठी ब्राह्मणाच्या हातून शुद्ध होणारा विद्वान आठ वर्षांनी आम्हाला ल्यूथरचे माप देतो. ट्रेंटच्या पुरोहितांना हा गृहस्थ परका वाटला नसता.

दुसरा मुद्दा पुरोहिताचा. ल्यूथरने १५२० साली सांगितले की बाप्तिस्मा झालेला प्रत्येक जण पुरोहित आहे. धर्मगुरू हा हुद्दा आहे, जात नव्हे. हुद्दा गेला की तो पुन्हा शेतकरी किंवा नागरिक. ट्रेंटने १५६३ साली याला शाप दिला. दीक्षेने आत्म्यावर न पुसणारा शिक्का उमटतो आणि एकदा पुरोहित झालेला पुन्हा सामान्य माणूस होऊ शकत नाही, असा तिचा निर्णय. तरीही एक फरक विसरून चालणार नाही. रोमचा शिक्का दीक्षेनंतर उमटतो आणि धर्मगुरू अविवाहित असल्याने तो मुलाला वारशात देता येत नाही. मनूचा शिक्का गर्भातूनच येतो. म्हणजे आमच्याकडचा सिद्धांत ट्रेंटपेक्षाही कडक होता, आणि त्याला उत्तरही तेवढेच कडक हवे होते.

ते उत्तर आले, पण रानड्यांनी बोट दाखवले तिथून नव्हे. २५ डिसेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाजाने ब्राह्मण पुरोहिताशिवाय पहिले लग्न लावले. ज्योतीरावांच्या पुण्यातच रानडे होते. त्याआधी १८५५ साली ‘ज्ञानोदया’त मुक्ता साळवे या मांग समाजातल्या कोवळ्या विद्यार्थिनीने विचारले होते, की वेद जर ब्राह्मणांचेच, तर आमचा धर्मग्रंथ कोणता? ग्रंथ कुणाचा आणि त्याचा अर्थ कोण लावणार, हा १५४६ साली ट्रेंटने चर्चच्या बाजूने मिटवलेला प्रश्न या मुलीने अमेरिकन मिशनच्या पत्रातून उघडा केला.

१९३६ साली बाबासाहेबांनी ‘जातिप्रथेचे उच्चाटन’मध्ये केम्निट्झच्या रीतीने ठरावालाच हात घातला. वंशपरंपरेचे पौरोहित्य बंद करा. परीक्षा आणि सरकारी सनद असल्याशिवाय कुणाला पुरोहित होऊ देऊ नका. ल्यूथरची धर्मसुधारणा युरोपातल्या राजकीय मुक्तीच्या आधी आली, हेही त्यांनी तिथेच नोंदवले आहे. आणि संतांबद्दल? देवासमोर समता सांगितली, माणसामाणसांतली नाही, असा त्यांचा आक्षेप आहे. रानड्यांच्या उपमेला दिलेले हे उत्तर अजून कुणी खोडून दाखवलेले नाही.

मात्र प्रॉटेस्टंटांनाही एवढ्यावर सोडता येणार नाही. १५२५ साली जर्मनीतल्या शेतकऱ्यांनी बारा कलमे मांडली. आपला धर्मोपदेशक आपणच निवडू, हे पहिले कलम. ख्रिस्ताने गुराखी आणि सरदार दोघांनाही सोडवले, म्हणून आम्ही कुणाचे बांधील नाही, हे तिसरे. ल्यूथरने उत्तर दिले, की ही मुक्ती आत्म्याची आहे; अब्राहामाकडेही गुलाम होते. काही आठवड्यांतच त्याने या शेतकऱ्यांना मारून काढण्याची हाक सरदारांना दिली. देवाच्या दारी सारे सारखे, गावात मात्र जिथल्या तिथे! इथे रानड्यांची उपमा तंतोतंत जुळते. पण ही जागा त्यांनी दाखवली नाही. मंगळवेढ्याच्या गावकुसाखाली वेठबिगारीत चोखोबा गाडले गेले, असे परंपरा सांगते. त्यांची समाधी पंढरपूरच्या महाद्वारासमोर, मंदिराबाहेर आहे, आणि त्यांच्या लोकांना ते दार १९४७ साली साने गुरुजींच्या उपोषणानंतर उघडले.