पाथरवटाची रोजनिशी

धर्मोपदेशकाचे आत्मचरित्र हाती आले म्हणजे सुशिक्षित वाचक थोडा सावध होतो, आणि ते स्वाभाविकही आहे. अशा ग्रंथाचा लेखक आरंभी बहुधा मोठा पापी असतो, मध्यंतरी त्यास साक्षात्कार होतो आणि पुढे तो जेथे जेथे जातो तेथे तेथे जनसमुदाय अश्रू ढाळतो. शेवट आधीच ठाऊक असलेल्या गोष्टीत मन रमावे तरी कसे? अठराव्या शतकात इंग्लंडातील मेथडिस्ट उपदेशकांनी जी आत्मकथने लिहिली त्यांपैकी पुष्कळांना हा आक्षेप लागू पडतो. परंतु यॉर्कशायरमधील बर्स्टल गावच्या जॉन नेल्सन नावाच्या पाथरवटाची रोजनिशी त्या साच्यात पुरती बसत नाही. ती कोठे बसत नाही, आणि जेथे बसते तेथे तिची काय हानी होते, हे पाहण्याचे आम्ही योजिले आहे.

नेल्सनचा जन्म १७०७ सालचा. दगड घडविणे हा त्याच्या बापाचा धंदा, तोच त्याने उचलला व कामासाठी लंडन गाठले. तेथे १७३९ मध्ये मूरफील्ड्सच्या मैदानात जॉन वेस्लीचे प्रवचन त्याच्या कानी पडले आणि त्याच्या आयुष्याची दिशा पालटली. वेस्ली स्वतः इंग्लंडच्या राजमान्य चर्चचा दीक्षित धर्मगुरू होता. दीक्षा न घेतलेल्या सामान्य माणसाने प्रवचन करावे, ही कल्पना त्यासही प्रथम रुचली नव्हती. टॉमस मॅक्सफील्ड नावाच्या अनुयायाने असे धाडस केले तेव्हा वेस्ली संतापला. आधी त्याचे बोलणे तरी ऐकून घे, असे त्याच्या वृद्ध मातेने त्यास बजाविले, असे सांगतात. त्या एका वडीलकीच्या शब्दाने जी वाट मोकळी झाली, तिच्यावरून पुढे विणकर, चांभार, खाणकामगार, पाथरवट असे कितीतरी कष्टकरी चालत गेले. नेल्सन त्यांतील अगदी आरंभीचा.

तो मोठा पापी नव्हता, ही या रोजनिशीतील पहिली लक्षणीय गोष्ट होय. धंदा चांगला, शरीर धडधाकट, पत्नी प्रेमळ. आणि तरीही अंतःकरणास स्वस्थता नाही. आपणांस काय हवे आहे हेच त्यास उमगत नाही. या अनामिक तळमळीचे त्याने केलेले वर्णन वाचताना ज्याचा त्याच्या पंथाशी काडीमात्र संबंध नाही असा वाचकही मध्येच थांबतो. वेस्लीची दृष्टी आपल्याकडे वळताच काळीज घड्याळाच्या लंबकासारखे हलू लागले, असे तो लिहितो. व्हाइटफील्ड या दुसऱ्या विख्यात वक्त्याचे प्रवचन ऐकून मात्र त्यास एखाद्या कुशल वादकाची आठवण होते: ऐकावेसे वाटले, प्रेमही जडले, पण गाठ सुटली नाही. वक्तृत्वाचे दोन परिणाम दोन साध्या उपमांनी इतके नेमके वेगळे करून दाखविणे पढिक टीकाकारांनाही नेहमी साधत नाही.

त्याची श्रद्धा प्रथम कसोटीस लागते ती कामावरच. एका सरकारी इमारतीचे काम चालू असता रविवारीही या, असा मुकादमाचा हुकूम होतो. नेल्सन नकार देतो. नोकरी जाण्याची धमकी मिळते. तो तीही पत्करतो. अखेर नोकरी राहते आणि इतर गड्यांनाही रविवारची सुटी मिळते. प्रसंग लहान आहे. पण रोजावर पोट असणाऱ्या माणसाला नकाराचे मोल किती पडते हे ज्यास ठाऊक आहे, त्यास तो लहान वाटणार नाही.

गावी परतल्यावर दिवसा छिन्नी-हातोडा आणि सायंकाळी शेजाऱ्यांशी धर्मचर्चा असा त्याचा क्रम सुरू झाला. १७४३ मध्ये तो वेस्लीबरोबर कॉर्नवॉल प्रांतात गेला. तेथील हकीकत या पुस्तकातील सर्वांत प्रसन्न भाग होय. दोघेही बरेच दिवस जमिनीवर निजत. वेस्लीच्या उशाला नेल्सनचा अंगरखा, नेल्सनच्या उशाला एक जाडजूड बायबलभाष्य. एका पहाटे वेस्ली कूस बदलतो आणि आपल्या एकाच कुशीचे कातडे सोलवटले आहे, दुसरी अजून शाबूत आहे, म्हणून सोबत्याचे समाधान करतो! पुढे वाटेत घोडा थांबवून दोघे रानातील काळी बोरे खातात, तेव्हा भूक लागावयास हा मुलूख उत्तम, पण अन्न मिळावयास अगदी वाईट, असा विनोदही तो करतो. वेस्लीच्या थोर चरित्रकारांनी हे प्रसंग आवर्जून उचलले आहेत, कारण पुतळ्याखालचा माणूस येथे दिसतो.

१७४४ मध्ये नेल्सनला सक्तीने सैन्यात भरती करण्यात आले. ब्रॅडफर्डच्या ज्या तळघरात त्यास रात्रभर कोंडले, त्यात वरच्या कसाईखान्याचे रक्त व घाण झिरपत होती. लोकांनी दाराच्या भोकातून अन्नपाणी आत सारले. ते त्याने सोबतच्या कैद्याबरोबर वाटून खाल्ले. पुढे त्याने शस्त्र चालविण्यास नकार दिला आणि शिव्या देणाऱ्या अधिकाऱ्यांची कानउघाडणी केली. काही महिन्यांतच त्याची सुटका झाली. हे सारे तो दगडाचे माप सांगावे तशा स्वरात सांगतो. रॉबर्ट साउदी हा कवी मेथडिस्ट नव्हता. तथापि १८२० च्या आपल्या वेस्लीचरित्रात त्याने या पाथरवटास आदराचे स्थान दिले, ते याच स्वरामुळे असावे.

आता दोषांकडे वळू. वादविवादाच्या प्रसंगी नेल्सन कधी हरत नाही. प्रतिपक्षी निरुत्तर तरी होतो नाहीतर शरण तरी येतो. विरोधकांवर आपत्ती ओढवली की तीत ईश्वरी शासनाचा हात पाहण्याचा मोहही त्यास आवरत नाही. जो माणूस तळघरातही कोणाचा द्वेष करीत नाही, त्याच्या लेखणीस हे शोभत नाही. येथे पाथरवट मागे सरतो आणि पंथाचा साचा पुढे येतो.

परंतु आमचा मुख्य आक्षेप याहून गंभीर आहे. नेल्सन कोठडीत असता त्याची पत्नी मार्था दाराशी येऊन त्यास धीर देते. माझी आणि मुलांची काळजी करू नका, देव आमचे पाहील, असा तिच्या बोलण्याचा आशय. त्या वेळी तिच्या पदरी दोन लहान मुले आहेत आणि ती गर्भवती आहे. पुढे जमावातील स्त्रियाच तिला इतकी मारहाण करतात की पोटातील मूल दगावते. ही भयंकर गोष्ट नेल्सन मोजक्या ओळींत सांगतो आणि पुढच्या गावाच्या प्रवचनाकडे वळतो.

मराठी वाचकास येथे गोरोबा कुंभारांची कथा आठवल्यावाचून राहणार नाही. भजनाच्या तंद्रीत गोरोबांच्या पायाखाली मूल तुडविले गेले. परंतु त्या कथेने आईचा आक्रोश दडविला नाही. तिचा संताप, तिने नवऱ्यास घातलेली शपथ, हे सर्व कथेत आहे, आणि म्हणूनच भक्तीची किंमत कोणी मोजली याचा विसर ऐकणाऱ्यास पडत नाही. शेवटी मूल परत मिळते. मार्थाचे मूल परत मिळाले नाही, आणि तिचा आक्रोशही रोजनिशीत उमटला नाही. नेल्सन निष्ठुर होता असे आम्ही म्हणत नाही. हा आघात तिला आयुष्यभर पुरला, असे तो स्वतःच नमूद करतो. पण आपल्या उपदेशाचा भार दुसऱ्या कोणी वाहिला, हा प्रश्न त्याने स्वतःला विचारलेला दिसत नाही.

जॉर्ज एलियटने १८५९ मध्ये 'अ‍ॅडम बीड' या कादंबरीत डायना मॉरिस ही मेथडिस्ट स्त्री-उपदेशक रंगविली. तिच्यामागे लेखिकेच्या चुलतीची आठवण होती. पंथाच्या बाहेर उभ्या असलेल्या त्या लेखिकेने श्रद्धेला मान दिला आणि श्रद्धावंतांच्या घरातील सुखदुःखालाही जागा दिली. नेल्सनला ते साधले नाही. मात्र थंडीत कुडकुडलेली कूस, कसाईखान्याचा दर्प आणि रविवारी न घेतलेल्या मजुरीचे मोल यांविषयी त्याच्याइतक्या अधिकाराने कोणत्याही कादंबरीकारास बोलता आले नसते.

१७७४ मध्ये लीड्स येथे नेल्सन निवर्तला. त्याची रोजनिशी आमच्या वाचकांनी अवश्य वाचावी. तिच्यातील प्रवचने भराभर उलटली तरी चालेल. परंतु मार्थाविषयीच्या त्या थोड्या ओळी आल्या म्हणजे त्यांनी क्षणभर थांबावे, आणि लेखक पुढच्या गावी गेला तरी आपण तिच्याजवळच राहावे.